दिव्याच्या खांबावर बिनतारी यंत्र
2006 साली कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू नगरात गूगलने मोफत वायफाय सुरू केले, तेव्हा त्याची शेकडो यंत्रे रस्त्यावरील दिव्यांच्या खांबांवर चढविण्यात आली. कारण उंची आणि वीज दोन्ही तेथे आयतीच उपलब्ध होती. अमेरिकेतील पुष्कळशा दिव्यांच्या माथ्यावर, उजेड ओळखून दिवा लावणारा व विझविणारा जो प्रकाशसंवेदक बसविलेला असतो, त्याच्याखाली एक जोडणी घातली की यंत्रास अहोरात्र वीज मिळते आणि दिवा मात्र पूर्ववत सायंकाळीच लागतो, ही योजना खरोखर समर्पक होय. परंतु जेथे साऱ्या रस्त्याचे दिवे एकाच पेटीतून बंद होतात, तेथे दिवसा तारेत वीजच नसल्यामुळे बॅटरी किंवा स्वतंत्र तार अपरिहार्य ठरते. म्हणून नगरपालिकांनी अशी यंत्रे बसविण्याच्या करारनाम्यावर सही करण्यापूर्वी खांबांतील वीज भर दुपारी तपासून पाहावी.