हॅबिटॅटचं घर फुकट मिळत नाही

अमेरिकेतली मराठी मंडळी एखाद्या शनिवारी ऑफिसच्या गटाबरोबर ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या बांधकामावर जातात, दिवसभर खिळे ठोकतात, भिंती रंगवतात आणि घरी फोनवर सांगतात, “गरिबांना फुकट घरं बांधून देणारी संस्था आहे.” मदत मनापासूनची असते, माहिती मात्र चुकीची. ही घरं विकली जातात. घेणारं कुटुंब कर्ज काढतं, दरमहा हप्ता भरतं, मालमत्ता कर आणि विमाही भरतं. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘धर्मादाय घर आपल्यासाठी नाही’ असं समजून अर्जच न करणारी माणसं बहुतेक वेळा कष्ट करून कमावणारी, म्हणजे नेमकी पात्र ठरू शकणारी असतात.

आणखी एक समजूत आधीच दूर करू. ही संस्था जिमी कार्टर यांनी काढलेली नाही. मिलर्ड आणि लिंडा फुलर या दाम्पत्याने ती १९७६मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अमेरिकस गावी स्थापन केली. विचार त्याआधीचा, जवळच्या कोइनोनिया फार्मवरचा. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र राहावं म्हणून १९४२मध्ये सुरू झालेल्या या शेतवस्तीत क्लॅरेन्स जॉर्डन यांच्यासोबत फुलर यांनी तो मांडला. नफा घ्यायचा नाही, व्याज घ्यायचं नाही आणि परत आलेल्या हप्त्यांतून पुढची घरं बांधायची. कार्टर १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या एका कामावर स्वयंसेवक म्हणून गेले आणि पुढे अनेक वर्षं जात राहिले. २००६मध्ये ते आपल्याकडेही आले होते. लोणावळ्याजवळ मळवली परिसरात त्या वेळी १०० घरांचं काम झालं.

‘जितकी गरिबी जास्त, तितका नंबर आधी’

पात्रतेच्या कसोट्या तीन : घराची खरी गरज, कर्ज फेडण्याची ऐपत आणि संस्थेबरोबर राबण्याची तयारी. पहिल्या दोन कसोट्या विरुद्ध दिशांना ओढतात आणि सगळी मेख तिथेच आहे. बँकेचं नेहमीचं कर्ज सहज मिळेल इतकं उत्पन्न असेल तर कुटुंब बाद होतं. हप्ता झेपणारच नाही इतकं कमी असेल तरीही बाद होतं.

मोजमाप ठरतं ते त्या भागाच्या मध्यक उत्पन्नावर, म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या आकड्यावर. अमेरिकेचं गृहनिर्माण खातं हा आकडा दरवर्षी भागानुसार जाहीर करतं आणि कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार मर्यादा ठरवून देतं. हॅबिटॅटच्या बऱ्याच स्थानिक संस्था त्याच्या ६० किंवा ८० टक्क्यांची वरची मर्यादा धरतात. सॅन फ्रान्सिस्कोत पात्र ठरणारा पगार मिसिसिपीच्या खेड्यात श्रीमंतीचा वाटेल, तो याचमुळे. शाळेची बस चालवणारे, रुग्णालयातले मदतनीस, उपाहारगृहात राबणारे, असे नियमित कमावणारे लोक या पट्ट्यात येतात.

गरज म्हणजे बेघर असणंच नव्हे. दोन खोल्यांत सात माणसं, ओल आणि बुरशी धरलेल्या भिंती, पगाराचा मोठा वाटा गिळणारं भाडं, हेही गरजेतच मोजलं जातं.

अगदी तळातल्या कुटुंबाला या वाटेने घर मिळत नाही, हे मात्र मान्य करायला हवं. त्यांच्यासाठी सरकारी भाडेमदत आणि सार्वजनिक घरं लागतातच. धर्मादाय संस्था आहेत म्हणून सरकारने हात काढून घ्यावा, हा युक्तिवाद मला धोकादायक वाटतो.

‘मग बँकेत आणि यांच्यात फरक काय?’

फरक हप्त्यात आहे. समजा, चौघांच्या कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न ५,००० डॉलर आहे. कर आणि विमा धरून घराचा खर्च उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांत, म्हणजे इथे १,५०० डॉलरमध्ये बसवण्याचा संस्थेचा प्रयत्न असतो. १,८०,००० डॉलरचं कर्ज ३० वर्षांसाठी बिनव्याजी मिळालं, तर हप्ता ५०० डॉलर. तेच कर्ज साडेसहा टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता सुमारे १,१४० डॉलर आणि ३० वर्षांत नुसतं व्याजच सव्वादोन लाखांच्या वर. आज सगळीकडे बिनव्याजी कर्ज मिळतंच असं नाही. काही संस्था अल्प व्याजाचं किंवा सरकारी योजनेतलं कर्ज जोडून देतात, तरी हप्ता परवडणारा ठेवण्याचं सूत्र कायम असतं.

पत निष्कलंक असावी लागते, हाही गैरसमज. जुनी थकबाकी, दिवाळखोरी, इतर कर्जांचे हप्ते हे सगळं तपासलं जातं, पण एखादा उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. बऱ्याच ठिकाणी आधी देणी आटोक्यात आणा, मग पुन्हा अर्ज करा असं सांगतात, आणि त्यासाठी मार्गदर्शनही देतात.

‘घर बांधायला अंगात बळ हवं’

तिसरी कसोटी घामाची. कुटुंबाने स्वतःच्या आणि इतरांच्या घरांवर ठरावीक तास काम करायचं असतं. आकडा जागोजागी वेगळा, पण २०० ते ५०० तास ही सर्वसाधारण कल्पना. त्याची मजुरी मिळत नाही. नोकरी आणि मुलं सांभाळून शनिवार-रविवारी हे तास भरायचे म्हणजे काय, ते एकटीने संसार ओढणाऱ्या आईला विचारावं. म्हणूनच ‘आयतं मिळालं’ हा शेरा ऐकला की मला राग येतो.

पण हे तास फक्त विटा-लाकडांचे नसतात. संस्थेचं कार्यालय, जुन्या-नव्या सामानाची ‘रीस्टोअर’ दुकानं, घरखर्च आणि देखभालीचे वर्ग इथेही ते भरता येतात. अनेक ठिकाणी नातेवाईक-मित्रांनी केलेल्या कामाचे काही तास जमेस धरतात. अपंग व्यक्तीला झेपेल असं काम दिलं जातं.

‘ओळख लागते’, ‘ख्रिस्ती असावं लागतं’

म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्या आपल्याला सगळं नशिबावर वाटतं, नाहीतर वशिल्यावर. पात्र कुटुंबं फार झाली तर काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकतातही. पण त्याआधी कागदपत्रांची छाननी, पतपडताळणी आणि बहुधा घरभेट होते. संस्थेची प्रेरणा ख्रिस्ती आहे, मात्र धर्म, वंश किंवा वैवाहिक स्थिती पाहून कर्ज नाकारायला संघीय कायद्याने मनाई आहे. उत्पन्नाचा काही भाग सरकारी मदतीतून येतो, एवढ्या कारणावरूनही नाकारता येत नाही. बहुतेक संस्थांना नागरिकत्व किंवा कायमच्या वास्तव्याचा परवाना मात्र लागतो. म्हणजे एच-वन व्हिसावरच्या कुटुंबाला ही वाट सहसा खुली नसते.

घर घेऊन लगेच चढ्या भावात विकता येत नाही. बाजारभाव आणि पहिलं कर्ज यांच्यातल्या फरकावर अनेकदा दुसरं, बिनहप्त्याचं कर्ज नोंदलेलं असतं. ते वर्षागणिक माफ होत जातं किंवा विक्रीच्या वेळी फेडावं लागतं. काही करारांत घर आधी संस्थेलाच देऊ करावं लागतं. सही करण्यापूर्वी हा भाग दोनदा वाचावा.

अर्ज अटलांटाच्या मुख्यालयात करायचा नसतो. प्रत्येक भागाची संस्था स्वतंत्र आहे आणि तिची मर्यादा, तास, तारखाही तिच्याच. अनेक ठिकाणी अर्ज वर्षातून मोजकेच दिवस घेतात. त्यामुळे अमेरिकेत तुमच्या ओळखीत असं एखादं कुटुंब असेल, तर पिनकोड टाकून जवळची संस्था शोधून द्या आणि पुढचे अर्ज कधी सुरू होणार ते विचारा. नकार आला तर त्याची कारणं लेखी मिळण्याचा हक्क अर्जदाराला आहे. ती मागून घ्यायला सांगा आणि त्रुटी दूर झाली की पुन्हा अर्ज करायलाही सांगा.