काठोकाठ, पण उथळ

गोल्फ कार्टच्या बॅटरीबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. आत्ता ती किती भरलेली आहे, हा एक. आणि पूर्ण भरल्यावर तिच्यात मावते किती, हा दुसरा. पहिला प्रश्न चार्जचा आहे, दुसरा प्रकृतीचा. विहिरीत गाळ साचला तरी पाणी काठाला लागलेले दिसते. पंप लावल्यावर अर्ध्या तासात तो हवा ओढू लागतो, तेव्हा खोली कळते. म्हाताऱ्या बॅटरीचे तसेच असते. रात्रभर चार्जिंग झाल्यावर मल्टिमीटर समाधानकारक आकडा दाखवतो आणि दुपारी गाडी चढावर बसते.

खारघरला डोंगराच्या कुशीत सिडकोने गोल्फ कोर्स उभारला आहे. अशा उंचसखल जागी कार्टच्या बॅटरीला स्कूटर किंवा मोटारीच्या बॅटरीपेक्षा वेगळे काम पडते. मोटारीची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद जोराचा प्रवाह देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. कार्टची बॅटरी तासन्‌तास उपसली जाते, रोज निम्म्यापर्यंत किंवा त्याहून खाली. त्यासाठी तिच्या प्लेट जाड असतात आणि शिशात बहुधा अँटिमनी मिसळलेले असते. यालाच डीप सायकल म्हणतात. मूळ रसायन मात्र गास्ताँ प्लाँते या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये शोधले तेच. ते दूरचेही नाही: खारघरला लागूनच असलेल्या तळोजा औद्योगिक वसाहतीत एक्साइडचा बॅटरी कारखाना आहे, १९९८ मध्ये तो स्टँडर्ड बॅटरीजकडून त्यांच्याकडे आला.

बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटवर शिशाचे सल्फेट जमते आणि त्यासाठी लागणारे आम्ल पाण्यातून खर्च होते. चार्ज करताना सल्फेट विरघळते, आम्ल परत पाण्यात येते. म्हातारपण तीन वाटांनी येते. अर्धवट चार्जवर पडून राहिलेल्या बॅटरीत सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि परत विरघळत नाहीत. धन प्लेटवरचा लेप थोडा थोडा झडून तळाशी गाळासारखा साचतो. आणि त्या प्लेटची जाळीच गंजत जाते. तिन्हींचा परिणाम एकच, मावणारी वीज कमी होते.

तपासणीची सुरुवात बहुतेक जण व्होल्टेजपासून करतात, आणि फसगतही तिथेच होते. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्टचा संच होतो. त्यात एकूण २४ सेल. पूर्ण भरलेल्या, विसावलेल्या सेलचे व्होल्टेज २.१२ धरले तर संचाचे ५०.९ भरते. समजा त्यातला एक सेल आतून शॉर्ट होऊन पूर्ण मेला. उरलेले २३ सेल ठणठणीत असताना मीटर ४८.८ दाखवील, आणि व्होल्टेजवरून चार्ज सांगणाऱ्या तक्त्यात पाहणाऱ्याला वाटेल की संच निम्म्याहून थोडा जास्त भरलेला आहे, चार्जरला अजून थोडा वेळ लावू. म्हणून प्रत्येक बॅटरी सुटी मोजावी लागते. शिवाय चार्जर काढल्याबरोबर घेतलेले माप खोटे फुगलेले असते. निदान सहा तास, शक्य तर पूर्ण दिवस, बॅटरीला विसावा द्यावा लागतो.

व्होल्टेजपेक्षा जास्त सांगते ती ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाची पाण्याच्या तुलनेतली घनता. हायड्रोमीटर म्हणजे रबरी फुगा लावलेली काचेची नळी आणि तिच्यात तरंगणारा आकड्यांचा फ्लोट. प्रत्येक सेलचे झाकण काढून आम्ल दोन-तीनदा ओढून परत सोडतात, म्हणजे फ्लोट त्याच तापमानाला येतो. मग नळी उभी आणि डोळ्यांच्या पातळीवर धरायची. फ्लोट काचेला चिकटलेला असला किंवा त्यावर हवेचा बुडबुडा बसला तर आकडा बिघडतो. टिचकी मारून तो सुटा करावा लागतो. नळीच्या टोकाचा एक थेंब सुती पँटवर पडला तर डाग दिसतही नाही, पुढच्या धुण्यात मात्र तिथे भोक पडलेले असते. म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच.

वर्कशॉपमध्ये दशांशचिन्ह कोणी उच्चारत नाही; १.२५० ला सरळ ‘साडेबाराशे’ म्हणतात. कार्टच्या एका प्रचलित बॅटरीत पूर्ण चार्जला १.२७७ आणि निम्म्या चार्जला १.१७२ ग्रॅव्हिटी असते. आपल्याकडच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्यांत उष्ण हवामानाचा विचार करून आम्ल सौम्य ठेवतात, त्यामुळे तिथे साडेबाराशेच्या आसपासही बॅटरी पूर्ण भरलेली असते. तेव्हा कंपनीचे पत्रक पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. हे आकडे २७ अंश सेल्सिअसचे आहेत. मे महिन्यात आम्ल ३८ अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात साधारण ०.००८ मिळवावे लागतात. नुकतेच डिस्टिल्ड वॉटर टाकले असेल तर ते वरच तरंगते आणि आकडा उगीच खाली दिसतो. एकेका आकड्यापेक्षा शेजारच्या सेलमधला फरक बोलका असतो. पूर्ण चार्जनंतर एक सेल इतरांपेक्षा ०.०३० ने मागे असला तर ठरवून जास्त वेळ चार्ज करून, म्हणजे इक्वलायझेशन करून, पुन्हा मोजतात. तरी तो मागेच राहिला तर दोष सेलचा.

पण ग्रॅव्हिटीही शेवटी चार्जच सांगते. गाळ किती साचला, हे बॅटरी उपसल्याखेरीज कळत नाही. २२५ अँपिअर-तास अशी नोंद असलेल्या कार्टच्या त्याच प्रचलित बॅटरीतून तो पूर्ण आकडा वीस तासांत सावकाश उपसले तरच निघतो. २५ अँपिअरने उपसली तर नवी बॅटरी ४४७ मिनिटे टिकते, ७५ अँपिअरने फक्त ११५ मिनिटे. पहिल्या वेळी हिशेब १८६ अँपिअर-तास येतो, दुसऱ्या वेळी १४४. प्रवाह जोराचा केला की हाती कमी पडते, हे गणित पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडले. कसोटी अशी: पूर्ण चार्ज, विसावा, मग ठरलेला लोड लावून सेलमागे १.७५ व्होल्ट, म्हणजे सहा व्होल्टच्या बॅटरीत ५.२५ येईपर्यंतची मिनिटे मोजायची. ११५ ऐवजी ६९ मिनिटे लागली तर क्षमता ६० टक्के उरली. तापलेली बॅटरी एका उपशात जास्त वेळ चालते, त्यामुळे उन्हाळ्यातली मिनिटे हिवाळ्यातल्या मिनिटांशी सरळ ताडू नयेत.

ठरलेला लोड देणारी लोडबँक नसेल तर चढही कामाला येतो. चढावर गाडीवर भार असताना एकजण चालवतो आणि दुसरा एकेका बॅटरीचे व्होल्टेज टिपतो. सात बॅटऱ्या ५.९ च्या आसपास आणि एक ५.३ वर घसरली, तर तीच आजारी. रस्त्याकडेच्या काही गॅरेजांत टर्मिनलवर वायर घासून ठिणगी पाहतात. त्यातून प्रकृती कळत नाही. उलट चार्जिंगमध्ये सुटलेला हायड्रोजन हवेत चार टक्के झाला तरी पेट घेतो. मोटारीच्या बॅटरीसाठी बनवलेला, दोन सेकंदांत निकाल देणारा कंडक्टन्स टेस्टरही इथे फारसा भरवशाचा नसतो.

नवी मुंबईच्या हवेत या तपासण्या जास्त वेळा लागतात. तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. खाडीवरून येणारी दमट हवा टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर आणते. त्यामुळे तिथला वायरचा सांधा तापतो आणि दोष नसलेल्या बॅटरीवर आळ येतो. पावसाळ्यात गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहतात आणि बॅटऱ्या आपोआप उतरत जातात. सल्फेट कडक होण्याचा हाच हंगाम.

लिथियमच्या कार्टमध्ये ग्रॅव्हिटी मोजायला आम्लच नसते, आणि व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते. तिथे आत बसवलेले इलेक्ट्रॉनिक्स मोजणी करते.

शिशाच्या संचात एकच बॅटरी मेलेली निघाली तर ती बदलायची की अख्खा संच, हा खर्चाचा प्रश्न उरतो. संच वर्षभराचा असेल तर एक बदलून चालते. चार-पाच वर्षांच्या जुन्या सातांत एक नवी बसवली तर प्रत्येक चार्जिंगला चार्जर जुन्यांच्या तालावर चालतो, आणि नवी बॅटरी लवकरच त्यांच्या वयाची होते. काढलेली बॅटरी कचऱ्यात जात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. तिच्यातले शिसे वितळून पुन्हा नव्या प्लेटमध्ये जाते.