अग्रदीप, जुन्या मोटारगाडीचे

जुन्या मोटारगाडीचे मूळ अग्रदीप (पुढील मुख्य दिवे) काढून त्यांच्या जागी नंतरच्या काळातील अथवा अन्य उत्पादकाचे अग्रदीप बसविणे आणि त्यांचे विद्युत् मंडल जोडणे, या कामाची माहिती प्रस्तुत नोंदीत दिली आहे. हौसेने रूपांतरित केलेल्या गाड्यांत हा बदल वारंवार केला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणतात आणि त्यांत १९३२ सालची फोर्ड गाडी विशेष लोकप्रिय आहे. पुढील विवेचनात मुख्यतः तिचेच उदाहरण घेतले आहे. नवा दिवा कितीही प्रखर असला, तरी त्याला पुरेसा विद्युत् दाब मिळाला नाही, तर रस्ता नीट उजळत नाही. आणि दिव्याचा रोख चुकला, तर समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात. म्हणून दिवा, तारा, बैठक व रोख या चारही गोष्टींचा एकत्रित विचार करावा लागतो.

दिव्यांचे प्रकार : विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्यांना ॲसिटिलीन वायूचे दिवे असत. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत विजेवर चालणारे आरंभक, प्रज्वलन व दिवे यांची एकत्रित योजना करण्यात आली आणि त्यानंतर विजेच्या दिव्यांचा प्रसार झपाट्याने झाला. १९३२ च्या फोर्ड गाडीतील अग्रदीप एका आडव्या दांडीवर बसविलेले असत. त्या काळच्या परावर्तकांवर सामान्यतः चांदीचा मुलामा असे व तो हवेने काळवंडला की प्रकाश मंद होई. १९४० पासून अमेरिकेत परावर्तक, तंतू व भिंग यांचा एकच बंदिस्त काचेचा संच असलेले १७८ मिमी. (७ इंच) व्यासाचे दिवे प्रचारात आले. १९७१ मध्ये यूरोपात एच ४ हा दोन तंतूंचा हॅलोजन दिवा आला. ७ इंच व्यासाच्या बैठकीत बसणारे एच ४ दिव्यांचे संच मिळत असल्याने जुन्या गाडीचे बाह्य रूप न बदलता प्रकाश वाढविता येतो. अलीकडे प्रकाश-उत्सर्जक डायोडांचे (एलईडी) संचही त्याच आकारात मिळतात.

विद्युत् दाब : १९३२ ची फोर्ड गाडी ६ व्होल्ट दाबाची असून तिच्या घटमालेचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. फोर्ड गाड्यांत १९५६ पासून १२ व्होल्टची पद्धती व ऋण टोक सांगाड्याला जोडण्याची रीत आली. तंतूच्या दिव्याला धन व ऋण यांची अदलाबदल चालते. डायोडाच्या दिव्याला ती चालत नाही. म्हणून दिवे विकत घेण्यापूर्वी गाडीतील दाब व सांगाड्याला जोडलेले टोक या दोहोंची खात्री करून घ्यावी लागते.

दोन दिव्यांना मिळून सु. १०० वॉट शक्ती लागत असेल, तर १२ व्होल्ट दाबाला सु. ८·३ अँपिअर व ६ व्होल्ट दाबाला सु. १६·७ अँपिअर प्रवाह लागतो. प्रवाह दुप्पट झाल्याने तारेतील दाबाची घटही दुप्पट होते आणि मूळ दाब निम्माच असल्यामुळे तिचे शेकडा प्रमाण चौपट होते. ६ व्होल्टच्या गाड्यांत जाड तारा वापरण्याचे कारण हेच होय. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या सु. ३·४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब १० टक्क्यांनी घटल्यास प्रकाश सु. ३० टक्क्यांनी घटतो.

उदा., १२ व्होल्टच्या मंडलात ५ मी. लांबीच्या व १ चौ.मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेतून १० अँपिअर प्रवाह गेल्यास सु. ०·९ व्होल्ट दाब तारेतच खर्ची पडतो व प्रकाश सु. २३ टक्क्यांनी कमी होतो. तारेचा छेद २·५ चौ.मिमी. केल्यास ही घट सु. ०·३५ व्होल्टपर्यंत खाली येते. यावरून अधिक शक्तीचा दिवा घेण्यापेक्षा जाड तार वापरणे कित्येकदा अधिक लाभदायक ठरते, हे स्पष्ट होते. दिव्यांना व इतर उपकरणांना लागणारा एकूण प्रवाह जनित्राच्या क्षमतेत बसतो की नाही, हेही पाहावे लागते. अन्यथा रात्रीच्या प्रवासात घटमाला रिती होत जाते.

विद्युत् मंडल : जुन्या फोर्ड गाडीत दिव्यांचा स्विच सुकाणूच्या स्तंभाच्या तळाशी असे व दिव्यांचा सर्व प्रवाह त्यातूनच जाई. जुन्या स्विचाचे संपर्क झिजलेले असल्यास तेथे दाब घटतो व स्विच तापतो. यावर उपाय म्हणून रिले वापरतात. रिले म्हणजे अल्प प्रवाहाने चालणारा विद्युत् चुंबकीय स्विच होय. लांब व नत शलाकांसाठी दोन स्वतंत्र रिले असतात. ऋण टोक सांगाड्याला असलेल्या गाडीत रिलेच्या ३० क्रमांकाच्या अग्राला घटमालेकडून वितळतारेमार्गे येणारी जाड तार, ८७ ला दिव्याकडे जाणारी तार, ८६ ला जुन्या स्विचाकडून येणारी तार व ८५ ला सांगाडा जोडतात. त्यामुळे स्विचातून केवळ रिलेच्या वेटोळ्याचा अल्प प्रवाह जातो. वितळतार घटमालेच्या शक्य तितकी जवळ असावी आणि डाव्या व उजव्या दिव्यांना वेगळ्या वितळतारा असाव्यात. म्हणजे एका बाजूस दोष उद्भवला, तरी गाडी चालू असताना एकदम पूर्ण अंधार होत नाही.

दिव्यातून परतणाऱ्या प्रवाहाचा मार्गही तितकाच महत्त्वाचा आहे. रंग, गंज व दांडीच्या सांध्यांतील मळ यांमुळे रोध वाढतो; काचतंतूंच्या कायेतून तर वीज वाहतच नाही. म्हणून प्रत्येक दिव्यापासून सांगाड्याच्या घासून स्वच्छ केलेल्या भागापर्यंत वेगळी तार नेतात. मंडलाची परीक्षा दिवे लागलेले असतानाच करावी. घटमाला व दिवा यांमधील जाण्याच्या व परतण्याच्या अशा दोन्ही मार्गांवरील दाबाची घट व्होल्टमापकाने मोजतात. १२ व्होल्टच्या गाडीत दोहोंची बेरीज अर्ध्या व्होल्टहून कमी असणे इष्ट असते.

बैठक : तारा पोकळ दांडीतून नेताना छिद्राच्या कडेला रबरी कडे बसवितात; अन्यथा कंपनांमुळे तारेचे निरोधक आवरण कापले जाऊन मंडलसंक्षेप होतो व आगीचा धोका निर्माण होतो. दिवा सर्व दिशांना थोडा वळविता यावा म्हणून त्याच्या बोल्टाखाली गोलाकार पृष्ठाचा वॉशर असतो. रोख साधल्यावर नट घट्ट आवळतात. गाडीचा पुढील भाग खाली आणला असल्यास दिव्यांची उंचीही कमी होते. अमेरिकेच्या संघीय मानकानुसार अग्रदीपांची उंची रस्त्यापासून ५६ ते १३७ सेंमी. (२२ ते ५४ इंच) असावी लागते.

रोख : गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून, टायरांतील हवेचा दाब योग्य ठेवून नत शलाकेचा रोख ठरवितात. यूरोपीय प्रकारच्या दिव्यात शलाकेची वरची कड स्पष्ट दिसते. १० मी. अंतरावरील भिंतीवर ही कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंमी. खाली ठेवल्यास उतार १ टक्का होतो आणि ६० सेंमी. उंचीच्या दिव्याची शलाका ६० मी. अंतरावर रस्त्याला मिळते. हाच दिवा केवळ १ अंशाने वर वळला, तर शलाका रस्त्याला मिळतच नाही, ७० मी. अंतरावर तिची कड १ मी.हून अधिक उंचीवर, म्हणजे समोरील चालकाच्या डोळ्यांच्या जवळपास जाते.

उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांतील असममित दिव्यांची नत शलाका उजव्या कडेला अधिक दूरवर जाते. भारतात वाहतूक डाव्या बाजूने चालत असल्याने असे आयात दिवे येथे वापरल्यास समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. रोख खाली करून हा दोष पूर्णपणे जात नाही. त्यासाठी डाव्या बाजूच्या वाहतुकीकरिता बनविलेले भिंगच घ्यावे लागते.