लिनक्समधील अनमॅनेज्ड नेटवर्क साधने

लिनक्स प्रणालीमध्ये अनमॅनेज्ड नेटवर्क साधन म्हणजे ज्याची व्यवस्था 'नेटवर्कमॅनेजर' ही सेवा स्वतःकडे घेत नाही, असा नेटवर्क इंटरफेस होय. अशा इंटरफेससमोर 'एनएमसीएलआय' या आज्ञेच्या यादीत 'अनमॅनेज्ड' अशी नोंद दिसते. ही नोंद इंटरफेस बिघडला आहे असे सांगत नाही. त्याची जबाबदारी नेटवर्कमॅनेजरकडे नाही, एवढेच सांगते. दुसरी एखादी सेवा त्याची व्यवस्था पाहत असल्यास त्यावरून माहितीची देवाणघेवाण सुरळीत चालू असू शकते. बाजारात 'अनमॅनेज्ड स्विच' या नावाने मिळणाऱ्या उपकरणाशी या संज्ञेचा संबंध नाही.

या लेखातील आज्ञा व फाइलींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

पार्श्वभूमी

नेटवर्कमॅनेजरचा विकास रेड हॅट या कंपनीने २००४ साली सुरू केला. लिनक्सवर हेच काम करणाऱ्या इतरही सेवा आहेत. डेबियनमध्ये 'इफअपडाउन' ही जुनी पद्धत आहे, तर उबुंटू सर्व्हरमध्ये सामान्यतः 'सिस्टमडी-नेटवर्कडी' ही सेवा असते. उबुंटूच्या १७.१० या आवृत्तीपासून 'नेटप्लॅन' हा स्तर आला. नेटप्लॅन स्वतः नेटवर्क चालवत नाही. आपल्या फाइलीतील सूचना तो नेटवर्कडी किंवा नेटवर्कमॅनेजर यांपैकी एकाकडे सोपवतो.

एका इंटरफेसवर दोन सेवांनी एकाच वेळी अधिकार चालवल्यास एकीने दिलेला आयपी पत्ता दुसरी पुसून टाकू शकते. हा संघर्ष टाळण्यासाठीच 'अनमॅनेज्ड' या स्थितीची योजना आहे.

लक्षणे

'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' या आज्ञेने प्रत्येक इंटरफेसची स्थिती समजते. नेटवर्कमॅनेजरच्या अंतर्गत क्रमांकांनुसार अनमॅनेज्ड म्हणजे १०, अनअव्हेलेबल म्हणजे २०, डिस्कनेक्टेड म्हणजे ३० आणि कनेक्टेड म्हणजे १००. केबल निघाली असेल तर साधारणपणे २० ही स्थिती दिसते. त्यामुळे १० आणि २० यांतील भेद निदानात महत्त्वाचा ठरतो.

'नेटवर्कसीटीएल' ही नेटवर्कडीची आज्ञादेखील हाच शब्द वापरते. एकच इंटरफेस नेटवर्कडीच्या यादीत 'कॉन्फिगर्ड' आणि नेटवर्कमॅनेजरच्या यादीत 'अनमॅनेज्ड' असणे ही विसंगती नव्हे.

काही वेळा परिणाम अप्रत्यक्ष असतो. 'कॉकपिट' या वेब-नियंत्रण साधनाचे सुधारणा-पान 'पॅकेजकिट' या सेवेवर अवलंबून असते, आणि इंटरनेट उपलब्ध आहे की नाही हे पॅकेजकिट नेटवर्कमॅनेजरला विचारते. नेटवर्कमॅनेजरकडे एकही इंटरफेस नसेल, तर चालू सर्व्हरही 'ऑफलाइन' समजला जातो आणि सुरक्षाविषयक सुधारणांची यादी ताजी होत नाही.

प्रमुख कारणे

उबुंटू सर्व्हरवर नेटवर्कमॅनेजर नंतर बसवल्यास '१०-ग्लोबली-मॅनेज्ड-डिव्हायसेस' या नावाची फाइल लागू होते. तिच्यातील नियम वाय-फाय व मोबाइल मोडेम यांसारखे अपवाद सोडून सर्व साधने व्यवस्थापनाबाहेर ठेवतो.

डेबियनमध्ये 'ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस' या फाइलीत नोंदवलेला इंटरफेस नेटवर्कमॅनेजर आपणहून सोडून देतो. रेड हॅट गटातील जुन्या प्रणालींमध्ये इंटरफेसच्या फाइलीतील 'एनएम-कंट्रोल्ड' या नोंदीपुढे 'नो' लिहिलेले असू शकते. याखेरीज प्रशासकाने 'अनमॅनेज्ड-डिव्हायसेस' या सूचीत इंटरफेसचे नाव घातलेले असणे, अथवा 'यूडेव्ह'च्या नियमाने त्यावर तशी खूण केलेली असणे, हीही कारणे संभवतात.

निदान

प्रथम 'आयपी ॲड्रेस' या आज्ञेने इंटरफेस प्रणालीला दिसतो का आणि त्यास पत्ता आहे का, हे पाहावे. इंटरफेस यादीतच नसल्यास प्रश्न ड्रायव्हरचा किंवा यंत्राचा असतो, व्यवस्थापनाचा नव्हे. पत्ता असल्यास तो कोणी दिला, हे शोधणे ही पुढची पायरी होय. त्यासाठी 'सिस्टमसीटीएल स्टेटस' या आज्ञेने तिन्ही सेवांपैकी कोणत्या चालू आहेत हे तपासले जाते. नेटवर्कमॅनेजरला 'प्रिंट-कॉन्फिग' हा पर्याय दिल्यास निरनिराळ्या फाइलींतून एकत्र झालेली त्याची अंतिम मांडणी दिसते. 'जर्नलसीटीएल'मधील नोंदींतूनही इंटरफेस वगळल्याचे कारण उलगडू शकते.

उपाय

'एनएमसीएलआय डिव्हाइस सेट' या आज्ञेत इंटरफेसचे नाव, 'मॅनेज्ड' आणि 'येस' असे लिहिल्यास बदल तत्काळ होतो. मात्र तो कायमस्वरूपी नसतो. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर पूर्वीची स्थिती येते.

कायमस्वरूपी बदल मूळ कारणाप्रमाणे करावा लागतो. नेटप्लॅन असल्यास त्याच्या फाइलीत 'रेंडरर' म्हणून नेटवर्कमॅनेजरचे नाव लिहितात. वर उल्लेखिलेली फाइल आड येत असल्यास त्याच नावाची रिकामी फाइल 'ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी' येथे ठेवल्याने मूळ फाइल निष्प्रभ होते. डेबियनमध्ये इंटरफेसेस फाइलीतील त्या इंटरफेसच्या ओळी काढाव्या लागतात. जुन्या सेवेकडील नोंद तशीच राहिल्यास दोन सेवांचा संघर्ष उद्भवू शकतो.

सावधगिरी

दूरस्थ सर्व्हरवर 'एसएसएच'ने जोडलेला प्रशासक ज्या इंटरफेसमधून आला आहे, त्याच इंटरफेसची व्यवस्था बदलत असल्यास संपर्क तुटून परतीचा मार्ग बंद होण्याचा धोका असतो. म्हणून कॉन्फिगरेशन फाइलींची प्रत राखून ठेवणे आणि नेटवर्कवर अवलंबून नसलेला कन्सोल हाताशी असल्याची आधी खात्री करणे आवश्यक मानले जाते. 'नेटप्लॅन ट्राय' ही आज्ञा या दृष्टीने उपयुक्त आहे: बदल केल्यावर १२० सेकंदांत प्रशासकाने दुजोरा न दिल्यास ती पूर्वस्थिती आणण्याचा प्रयत्न करते. ब्रिज व बॉन्ड यांच्या काही मांडण्यांबाबत मात्र तिच्यावर विसंबता येत नाही.

अनमॅनेज्ड ठेवावयाची साधने

प्रत्येक अनमॅनेज्ड नोंद दुरुस्त करण्याची गरज नसते. कंटेनरांसाठी निर्माण होणारे 'वेथ' इंटरफेस ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडेच राहणे योग्य असते. संगणकाचा स्वतःशी संवाद साधणारा 'लो' हा लूपबॅक इंटरफेस नेटवर्कमॅनेजरच्या १.४२ या आवृत्तीपूर्वी नेहमीच अनमॅनेज्ड दिसत असे. तसेच नेटवर्कडीच्या आधारे सुरळीत चालणाऱ्या सर्व्हरवर केवळ यादीतील शब्द बदलावा म्हणून सेवा बदलण्याचे प्रयोजन नसते.