वीस मिनिटांतला स्वयंपाक

झटपट घरगुती स्वयंपाक शिकवणारा दूरचित्रवाणी कार्यक्रम बहुधा अर्ध्या तासाचा असतो. जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटे उरतात आणि तेवढ्यात एक-दोन पदार्थ फोडणीपासून ताटापर्यंत न्यायचे असतात. त्यामुळे यात येतात ते रोजच्या जेवणातले, घरात असलेल्या सामानातून होणारे पदार्थ.

पडद्यावर स्वयंपाक शिकवण्याची सुरुवात जुनी आहे. बीबीसीवर फिलिप हार्बेन यांचा कार्यक्रम १९४६ साली सुरू झाला तेव्हा ब्रिटनमध्ये अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळत होते. १९९४ मध्ये बीबीसीच्याच ‘रेडी स्टेडी कुक’ने वीस मिनिटांची स्पर्धा लावून घड्याळालाच खेळात आणले. भारतात १९९३ साली झी टीव्हीवर आलेल्या ‘खाना खजाना’मुळे संजीव कपूर घरोघरी पोचले. झी मराठीवर २००७ पासून ‘आम्ही सारे खवय्ये’ सुरू झाले. प्रशांत दामले यांच्या सूत्रसंचालनात तिथे घरोघरच्या सुगरणी आपापल्या पाककृती करून दाखवू लागल्या. प्रमाण सांगताना वाटी आणि चमचा वापरायचे, हा कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये मराठी घरांत रुजवलेला परिपाठ पडद्यावरही उपयोगी पडला, कारण स्वयंपाकघरात तराजू नसला तरी वाटी असतेच.

तमिळनाडूत या प्रकाराला मोठा प्रेक्षकवर्ग आहे. कवी कण्णदासन यांच्या कन्या रेवती षण्मुगम यांनी घरगुती तमिळ स्वयंपाक पडद्यावर आणला, तर विजय टीव्हीच्या ‘समैयल समैयल’मध्ये शेफ व्यंकटेश भट यांनी प्रत्येक कृतीमागचे कारण सांगत पदार्थ शिकवले. तिथल्याच ‘कुकू विथ कोमाळी’ या २०१९ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात स्वयंपाक येणाऱ्याची जोडी विनोदी कलाकाराशी लावतात. शिकवण्यापेक्षा गंमत तिथे जास्त असते, पण वेळेचे बंधन तसेच असते.

या कार्यक्रमांची गरज कोणाला असते, हे चेन्नईच्या उत्तरेला लोकलमार्गावर असलेल्या गुम्मिडिपूंडीसारख्या ठिकाणी सहज कळते. तिरुवळ्ळूर जिल्ह्यातल्या या गावात सिपकॉट या राज्य सरकारच्या उद्योग महामंडळाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. कारखान्याची पाळी किंवा शहराकडे जाणारी गाडी गाठायची तर डबा भल्या सकाळी तयार हवा. अशा घराला चार भाज्यांचे साग्रसंगीत जेवण शिकून उपयोग नसतो. भात, एक पातळ पदार्थ आणि एक भाजी वेळेत झाली पाहिजे.

पडद्यावर दिसणारा वेग मात्र जसाच्या तसा घरी येत नाही. स्टुडिओत कांदा चिरलेला, नारळ खवलेला आणि मसाले मोजून वाट्यांत मांडलेले असतात. चिंच भिजवून तिचा कोळ काढलेला असतो. डाळ शिजायला अर्धा तास लागणार असेल, तर कच्ची डाळ दाखवून झाल्यावर आधीच शिजलेली डाळ पुढे येते. फोडणी तडतडतानाचे जवळून घेतलेले दृश्य वेगळे चित्रित करून मध्ये जोडता येते. भांडी घासणारी माणसे चौकटीबाहेर असतात. घरी ही सगळी कामे एकाच व्यक्तीकडे येतात, म्हणून ‘वीस मिनिटांचा’ पदार्थ चाळीस मिनिटे घेतो.

खरोखर वेळ वाचतो तो तीन गोष्टींनी. पहिली, प्रेशर कुकर. त्यातल्या वाढलेल्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. डब्यांची चळत लावली तर त्याच आचेवर भातही होतो. सांबाराची तूरडाळ आधी शिजवून चिंचेचा कोळ नंतर घालतात, यालाही कारण आहे. आंबटपणामुळे डाळीच्या पेशींमधले पेक्टिन सहज विरघळत नाही आणि दाणा टणक राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे साठवणीचे पदार्थ. चिंच, तेल आणि मसाले आटवून केलेले ‘पुळिक्काच्चल’ बरणीत असले की मोकळ्या भातात कालवून पुळियोदरै, म्हणजे चिंचभात, तयार होतो. इडलीचे पीठ आंबायला रात्र लागते, पण इडल्या वाफवायला दहा-बारा मिनिटे पुरतात. आपल्याकडची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला हेच काम करतात.

तिसरी गोष्ट म्हणजे पदार्थाची निवड. चिंचेचे पाणी, टोमॅटो आणि रसम पावडर यांचे रसम पंधरा मिनिटांत होते. वर फेस येऊ लागला की आच बंद करतात, कारण जास्त उकळल्यास सुवास उडतो. लिंबूभाताला गार, मोकळा भात चांगला. लिंबाचा रस आच बंद केल्यावर घालतात, नाहीतर कडवटपणा येतो. आदल्या दिवशीचा भात वापरायचा असेल, तर तो शिजल्यावर लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा. उष्ण हवेत तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे जिवाणू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही.

म्हणून अशी पाककृती उतरवून घेताना सांगितलेल्या वेळेत चिरणे, भिजवणे आणि वाटणे धरले आहे का, हे आधी पाहावे. भिजवण्याचे काम आदल्या रात्री उरकावे, कुकर लावून मगच भाजी चिरायला घ्यावी. कार्यक्रमात दाखवलेल्या विशिष्ट कंपनीच्या मसाल्यामागे प्रायोजक असू शकतो. घरातल्या मसाल्यानेही तो पदार्थ सहसा होतो.