समाजशास्त्राच्या तासाला समाजाचे वावडे का?

अकरावीच्या कला शाखेत ऐच्छिक विषय निवडताना विद्यार्थ्याला एक सल्ला हमखास मिळतो : ‘समाजशास्त्र घे, सोपे आहे.’ सोपे याचा अर्थ येथे एवढाच की, गणित नाही, प्रयोगशाळा नाही आणि ‘गाइड’मधील उत्तरे पाठ केली की गुण पदरात पडतात. ज्या शास्त्राने माणसाला स्वतःच्या घराकडे, जातीकडे आणि गावाकडे तटस्थपणे पाहावयास शिकवावयाचे, त्याची अशी ख्याती व्हावी ही खेदाची गोष्ट होय.

दोष अभ्यासक्रमाचा आहे असे म्हणता येणार नाही. दहावीपर्यंत सामाजिक शास्त्रे म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल. स्वतंत्र विषय म्हणून समाजशास्त्राची गाठ पडते ती अकरावीत. सामाजिक संस्था, संस्कृती, स्तरीकरण, परिवर्तन, चळवळी, सामाजिक समस्या अशी प्रकरणे उच्च माध्यमिक स्तरावर आहेत. त्यांतील एकही प्रकरण विद्यार्थ्याच्या जीवनाबाहेरचे नाही. परंतु वर्गात प्रत्यक्षात उतरते ती व्याख्या, तिची वैशिष्ट्ये आणि महत्त्वाचे पाच मुद्दे. आईबरोबर खुरपणीला जाऊन मग महाविद्यालयात येणारी मुलगी ‘श्रमविभागणी’ची व्याख्या घोकते, घरातील आणि शेतातील कामाची वाटणी कोणी व कशी ठरविली, हा प्रश्न मात्र तिला कोणी विचारीत नाही.

‘सामाजिक नियंत्रण’ ही संकल्पना घ्या. रूढी, लोकनीती, कायदा ही तिची साधने विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. पण जातपंचायतींनी कुटुंबांना वाळीत टाकण्याचे प्रकार थांबावेत म्हणून महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, तो २०१७ साली अमलात आला, या घटनेशी त्या साधनांची सांगड क्वचितच घातली जाते. रूढी आणि कायदा यांचा संघर्ष समजावून देण्यास याहून जवळचे उदाहरण कोणते?

वस्तुतः या शास्त्राची महाराष्ट्रातील परंपरा पाठांतराची नाही, पाहण्याची आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. कुळे, बलुतेदार, वतनदार आणि फिरस्ते यांच्या परस्परव्यवहाराचे त्यात आलेले बारकावे गाव जवळून पाहिल्याविना हाती येणारे नव्हेत. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पुढे मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. त्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांनी आप्तसंबंधांवर मूलभूत ग्रंथ लिहिला. शिवाय कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांची आणि आठवडे-बाजारांचीही पाहणी केली. आठवड्याचा बाजार हा समाजशास्त्राचा विषय होऊ शकतो, एवढे कळले तरी तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अर्धी भीती जाईल.

शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. वर्गात जातीचा विषय काढावा, तर आडनावांवरून नजरा फिरतात. एखादे मूल खाली मान घालते, तर दुसरे उगाच ताठ होते. पाठ्यपुस्तकातील निर्जीव वाक्यांचा आश्रय शिक्षक घेतो तो पुष्कळदा या धास्तीने. प्रकल्पाचे गुण असतात. पण मागच्या वर्षीच्या वहीवरून नवी वही तयार होते. कारण पाहणी कशी करावी हे कोणी शिकविलेले नसते, आणि वर्गसंख्या मोठी असली की प्रत्येक वही तपासण्यास सवड नसते.

तरीही यातून मार्ग निघू शकतो, आणि तो खर्चिक नाही. प्रश्न व्यक्तीला न विचारता व्यवस्थेविषयी विचारावा, हा पहिला नियम. बाजारात कोणत्या मालाच्या विक्रीला स्त्रिया अधिक आणि कोणत्या मालाच्या विक्रीला पुरुष अधिक, याची मोजणी चार विद्यार्थी एका सकाळी करू शकतात. आजी, आई आणि मुलगी यांचे शिक्षण व लग्नाचे वय यांचा तक्ता, नावे न नोंदविता, साऱ्या वर्गाला मिळून करता येतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे ४५ टक्के लोक नागरी भागात राहत होते. आपल्या गावातून कोण गेले, कोण राहिले आणि का, हे त्या आकड्याशेजारी मांडता येते. अशा तक्त्यापुढे बसलेल्या विद्यार्थ्याला ‘सामाजिक परिवर्तन’ पाठ करावे लागत नाही; ते त्याला दिसते.

याची निकड आज अधिक आहे. १९३१ नंतर सर्व जातींची आकडेवारी जनगणनेतून प्रसिद्ध झालेली नाही. २०२७ च्या नियोजित जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ साली जाहीर केला. ते आकडे येतील तेव्हा आज अकरावी-बारावीत असलेली मुले मतदार झालेली असतील. आकडा म्हणजे काय, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, प्रमाण आणि एकूण संख्या यांत फरक कोणता, हे त्यांनी वर्गात शिकलेले नसेल, तर ते त्यांना चौकातील भाषणे शिकवतील. समाजशास्त्राचा तास सोपा ठेवण्याची किंमत ती असेल, आणि ती एकट्या विद्यार्थ्याला मोजावी लागणार नाही.