अफू ओढणारा गुन्हेगार की रोगी?

मागच्या वेळी आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. माणूस व्यसन स्वतः निवडतो असं म्हटलं, तर ही निवड कितव्या दिवसापर्यंत त्याची असते? आज हा प्रश्न घेऊन आपण चीनमध्ये जाऊ. एकोणिसाव्या शतकात तिथे तो वर्गात नव्हे, बादशहाच्या दरबारात आला.

चीनमध्ये अफूबंदीचा पहिला हुकूम निघाला १७२९ साली. त्यात शिक्षा होती विकणाऱ्याला आणि अड्डा चालवणाऱ्याला; ओढणाऱ्याला नाही. पुढे अफू सैनिकांत, अंमलदारांत पसरली, चांदी देशाबाहेर जाऊ लागली, आणि मग दरबाराचं लक्ष ओढणाऱ्याकडे वळलं. (चांदी जायला लागली की नीती आठवते, हेही लक्षात ठेवू या.) १८३६ मध्ये शू नायजी म्हणाला, बंदी फसली आहे, अफूवर कर लावा आणि फक्त अंमलदार, सैनिक यांना मनाई करा. दोन वर्षांनी हुआंग ज्युएजीने नेमकं उलट मांडलं: ओढणाराच नसेल तर विकणारा येईल कुठून? त्याला एक वर्षाची मुदत द्या, नाही सुटली तर देहदंड.

बहुतेक प्रांताधिकाऱ्यांना हे पटलं नाही. लिन झेशूला पटलं. पण हाच लिन आपल्या प्रांतात व्यसन सोडवणारी औषधंही वाटत होता! म्हणजे एका हातात गोळी, दुसऱ्या हातात तलवार. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. तलफ मोडायला वेळ आणि औषध लागतं, म्हणजे तो रोग. पण मुदत दिली, म्हणजे रोग्यापाशी थोडी इच्छाशक्ती उरली आहे हेही गृहीत धरलं.

१८३९ साली लिनने परदेशी व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या घेतल्या आणि हूमेनला चर खणून मीठ-चुन्याच्या पाण्यात विरघळवल्या. चीनला जाणारी ही अफू मुख्यतः आपल्याकडची: बंगालची कलकत्त्याहून, माळव्याची मुंबईहून. जे. जे. रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं, त्या सर जमशेटजींच्या संपत्तीतही या व्यापाराचा वाटा होता. त्यांना दोषी धरायचं का, हे पुढच्या वेळी पाहू.

पुढे युद्धं झाली, १८५८ नंतर आयात कायदेशीर ठरली, चिनी शेतकरी स्वतःच खसखशीचं पीक घेऊ लागले. १९०६ साली पुन्हा बंदी आली. या वेळी ओढणाऱ्याने परवाना काढायचा आणि दरवर्षी मात्रा कमी करत जायची, असा नियम होता. साठी उलटलेल्यांना सवलत होती. आम्ही तर त्यात सहज बसलो असतो.